शनिवारचा फळा

शाळेच्या फाटकासमोर सायकलची चेन उतरली नसती, तर माझी बायको घरी आल्याची बातमी मला कळलीच नसती. साऱ्या वस्तीला कळली असती, मला नाही, आणि यात नवल काहीच नाही, आमच्या घरचं मला नेहमी सगळ्यांत शेवटीच कळतं. चेन बसवली, हात काळे झाले, ते कशाला पुसावे म्हणून इकडेतिकडे पाहिलं तर समोर भिंतीवर फळा. ही कार्पोरेशनची प्राथमिक शाळा. शामला तिथं चौथीत आहे. हेडमास्तर चंपतराव गुरुजी दर शनिवारी प्रार्थना झाली की फाटकाबाहेरचा हा फळा स्वतःच्या हातानं लिहितात. वर पालकांसाठी सूचना असतात. सोमवारी देवीची लस टोचणारे येतील, मुलांना आंघोळ घालून पाठवावं. सुकडीसाठी डबा धुऊन द्यावा, मागल्या आठवड्यात डब्यात मुंगळे निघाले. आणि खाली, रेघ मारून, 'घरोघरची बातमी'. शनिवारच्या प्रार्थनेनंतर एकेक पोर उठतं आणि आपल्या घरची एक बातमी सांगतं. नसली तर 'बातमी नाही' म्हणतं आणि बसतं. ज्याच्या घराचं नाव फळ्यावर लागतं तो माणूस शाळेकडे फिरकतो, असा गुरुजींचा हिशेब. मी काही फिरकलो नव्हतो. त्या दिवशी कवडूच्या घरची शेळी व्याली होती, कोणाच्या आजोबाचा मोतीबिंदू काढला होता, आणि अगदी तळाशी, जागा संपत आल्यामुळे जरा दाटीनं लिहिलेलं होतं: शामला आनंदराव गजभिये. आमची आई घरी आली.

पहिल्यांदा वाटलं, दुसरी शामला असेल. मग माझंच नाव मी पुन्हा वाचलं, परक्याचं वाचावं तसं. आनंदराव गजभिये या वस्तीत मी एकटा. म्हणजे आई कौसल्याच. आणि कौसल्या तर दिवाळीच्या आधी सावनेरला माहेरी गेली ती गेली. मग आली कधी? शामला सकाळच्या शाळेसाठी घरून निघाली तेव्हा मी चहा पीत होतो. चहा शामलानंच केला होता, नेहमीसारखा पांचट. घरात दोन माणसं होती. तिसरं नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी तिथं उभं राहून सकाळ पुन्हा तपासत होतो: दाराशी चपला कोणाच्या होत्या, मोरीतलं पाणी कोणी सांडलं होतं, माझ्या पाठीमागे कोणी उभं होतं का. छापलेल्या अक्षरावर माझा विश्वास कमीच आहे, पण चंपतराव गुरुजींच्या खडूच्या अक्षरात असा काही ठामपणा असतो की माणसाला आपल्याच डोळ्यांची शंका यावी. मी घरी नीट पाहिलं नसेल. मी कुठं नीट पाहतो, असं कौसल्या नेहमी म्हणायचीच.

तेवढ्यात शाळेचा चपराशी नत्थूजी घंटेची लाकडी मोगरी हातात घेऊन बाहेर आला. "काय गा आनंदराव, आली म्हनते नं बाई घरी! पोरगी कशी खुशीत सांगे!"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो, देव जाणे. आणि देव तर आम्ही मानत नाही. 'नाही' म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर जास्त. पण 'हो' आधी आलं, उचकी यावी तसं.

"मंग बरं झालं," नत्थूजी म्हणाला. "पोरीचं लय ध्यान होतं आईत. पयले कशी, नुसती 'बातमी नाई' म्हने अन् बसे. दिवाळीपासून मात्र दर शनवारी बातमी! बाबानं भात करपवला. बाबाले ताप आला. बाबा आईच्या खुटीले आपला शर्ट नाई टांगत. गुरुजी म्हनत, काय घर हाये वं तुझं, आकाशवाणी हाये का?"

तो हसला. मीही हसलो. सायकलवर बसलो आणि दुकानाकडे, सदरच्या रस्त्याला लागलो, आणि पार पुलापर्यंत गेल्यावर कान तापल्याचं माझ्या लक्षात आलं. खुंटीचं तिला कसं कळलं? खुंटी तशीच रिकामी राहते, मी तिच्याकडे पाहतसुद्धा नाही, आणि न पाहण्याकडे कोणी पाहत असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. माझा ताप, माझा भात, माझी खुंटी. वस्तीतली सगळी माणसं फळ्यासमोर उभी राहून माझं घर वाचत होती आणि मी त्यांना रोज राम राम जय भीम घालत मान ताठ ठेवून दुकानात जात होतो.

सदरमध्ये एका शेठच्या दुकानात मी रेडिओ दुरुस्त करतो. दिवसभर बातम्या कानावरून जातात. कुठं पूर आला, कोण मंत्री झाला, कुठल्या देशात कोणी कोणाला उलथवलं. माझं लक्ष फक्त खरखरीकडे. आवाज साफ झाला की मी रेडिओ बंद करतो, बातमी अर्धी राहते. त्या दिवशी एका ट्रान्झिस्टरचं पोट उघडून बसलो आणि तार कुठली कुठं जाते तेच समजेना. दुकान छिंदवाडा रोडला लागून, म्हणून सावनेरहून येणाऱ्या गाड्या समोरूनच जातात. पहिले काही दिवस मी प्रत्येक एसटीच्या खिडक्या पाहिल्या. मग ती सवय मोडली. मोडली म्हणजे कसं, की गाडी आली की मी मान खाली घालून सोल्डरचा धूर डोळ्यांत घेतो. त्या दिवशीही एक लाल गाडी घरघरत गेली, काउंटरवरची काच थरथरली, आणि मी मान खाली घातली. आता ती घरी आलेली असल्यावर गाडीकडे पाहायचं कारणच उरलं नव्हतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. म्हणजे बघा माझी दशा.

कौसल्या मला सोडून गेली असं लोक समजतात. ती सोडून गेली की नुसती गेली, हे मलाच कधी कळलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, धरायला काही टोक सापडलं असतं. तिचे वडील, बापूजी, आजारी पडले म्हणून ती गेली. ते वारले. मी मातीला गेलो, सगळं आटोपलं, शेठनं एकाच दिवसाची सुट्टी दिली होती म्हणून संध्याकाळच्या गाडीनं शामलाला घेऊन परत निघालो. कौसल्या ओट्यापर्यंत आली. तोंड सुजलेलं, केस तसेच. मी तिला नेहमीचंच बोललो. "मन झालं की ये." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आत गेली. आणि तिचं मन काही झालं नाही. महिन्यात झालं नाही, दोन महिन्यांत झालं नाही, थंडी गेली, आता ऊन चटके देऊ लागलं.

'मन झालं की ये' हे मी उगाच बोलत नाही. ते माझं तत्त्व आहे, आणि माझ्याकडे तत्त्वं फार नाहीत. आमच्या जुन्या चालीत बाई माहेरी गेली की तिला आणायला कोणीतरी जावं लागे. नवरा, दीर, नाहीतर सासरा. कोणी आलं नाही तर ती तिथंच. माझ्या आईला बाबांनी असंच एकदा काटोलकडच्या मामाच्या घरी ठेवून दिलं होतं. मी फार लहान होतो, पण तो ओटा मला आजही दिसतो. रोज दिवस कलायच्या वेळी आई तोंड धुवायची, वेणी घालायची, लुगड्याचं गाठोडं बाजूला ठेवायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायची. बैलाच्या घुंगरांचा आवाज आला की तिचा हात गाठोड्यावर जायचा. गाडी पुढं निघून जायची. हात तसाच राहायचा. मामी आतून म्हणायची, "चाल वं, भाकर खाऊन घे." एवढं सगळं पाहिल्यावर माणूस काय करेल? छप्पन साली दीक्षेच्या वेळी, मिसरूड फुटायच्या वयात, पांढऱ्या कपड्यांच्या त्या गर्दीत मी उभा होतो, आणि बावीस प्रतिज्ञा सगळ्यांसोबत म्हणून झाल्यावर मी मनातल्या मनात आपली एक तेविसावी घेतली. माझी बायको कोणाची वाट पाहत ओट्यावर बसणार नाही. ती आपल्या पायांनी जाईल, आपल्या पायांनी येईल. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा मी तिला हे समजावून सांगितलं, जरा भाषणासारखंच. ती हसली होती. म्हणाली, "मंग गाडीत चढवाले तरी येता का, का तेही समानतेत नाई बसत?"

इतकी वर्षं ती आपल्या पायांनी येतच होती. या वेळी नाही आली. आणि मी जायचं म्हटलं तर माझं तत्त्व आडवं. सावनेरच्या वाटेवर मी मनानं कितीदा गेलो आणि पाटणसावंगीपासून परत फिरलो, ते मोजलेलं नाही. जाऊन आणली तर आणल्यासारखं होतं. नाही आणली तर टाकल्यासारखं होतं. या दोहोंमध्ये माणसानं उभं कुठं राहावं हे कोणी सांगितलेलं नाही.

आणि या काळात घरात काहीबाही होत होतं, जे मला तेव्हा नीट लागलं नाही. शनिवारी शामला शाळेत जाताना स्वतःच्या हातानं वाकडी वेणी घालायची आणि परत यायची तेव्हा दोन घट्ट वेण्या, भांग सुतासारखा सरळ. मी समजलो, शाळेतल्या बाई घालून देत असतील. माझा ताप उतरला त्या शनिवारी तिच्या दप्तरातून गवती चहाची जुडी निघाली. एकदा लोणचं आलं, कौसल्या घालते तशी भरपूर मेथी घातलेलं. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. शेजारच्या जिजाबाईंनी दिलं असेल म्हणून मी जेवण पुढं चालू ठेवलं. जिजाबाई लोणच्यात मेथी घालतच नाहीत, हे मला ट्रान्झिस्टरसमोर बसून त्या शनिवारी आठवलं. मी शेठला म्हणालो, घरी जातो. तो म्हणाला, काय झालं? मी म्हणालो, बायको आली आहे. म्हणजे हे मी दुसऱ्यांदा बोललो.

घराला कुलूप होतं. मी सकाळी लावलेलं, तसंच. ते पाहून मी खरं तर मोकळं व्हायला हवं होतं. बातमी खोटी, पोरीनं थाप मारली, विषय संपला. पण कुलूप हातात धरून मला रडू आलं, भर उन्हात, ओट्यावर. जिजाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"काहून गा आनंदराव? कौसल्या आली म्हनते अन् तुमचं असं तोंड?"

"कोनी सांगितलं तुम्हाले?"

"साऱ्याइनच वाचलं. मी तं सकाळपासून पाहून राहिली, दिसून तं नाई राहिली कोठी. म्हटलं झोपली असन."

"कुलूप लावून झोपली?"

"मले काय माहीत बाप्पा, फळ्यावर लिवलं हाये," जिजाबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा संशयानं पाहिलं जणू मीच तिला आत कोंडलं होतं.

मी दार उघडून आत गेलो. खुंटी रिकामी होती. आज मी तिच्याकडे नीट पाहिलं. खालच्या भिंतीवर तेलाचा डाग आहे, तिच्या केसांचा, ती तिथं टेकून बसायची. चूल थंड. शनिवारी दुपारी शामला आल्यावर सकाळचंच खाते. मी मध्ये उभा होतो आणि मनात पोरीला काय बोलायचं ते जुळवत होतो. खोटं बोलू नये. गुरुजींना जाऊन सांग, ते पुसतील. हे म्हणताना माझा आवाज कसा असावा तेही ठरवलं. तेवढ्यात ती धावत आली, दप्तर न टेकवताच. वेणी वाकडीच होती, सकाळची.

"बाबा, तुम्ही दुकानात नाई गेले? मी तिकडंच पळून राहिली होती!"

"फळ्यावर काय लिवलं तू?"

"मी नाई लिवलं, गुरुजीनं लिवलं. मी सांगितलं."

"आई आली घरी?"

"नाई," ती म्हणाली, अगदी सरळ. "पन येते. शनवारी मामा सब्जी घेऊन मंडीत येते नं, त्याच्या संगं ती येते. शाळेपाशी. माही वेनी घालते अन् फळा वाचते."

"फळा?"

"घरची बातमी वाचते. म्हनून तं मी सांगतो. पयले नुसतं तोंडानं सांगो, तं तिले खरं नाई वाटे. म्हने तू माह्यं मन राखाले सांगते. फळ्यावर खोटं राहत नाई."

मी त्या तेलाच्या डागाखालीच बसलो. "मंग घरी काहून नाई येत?"

शामलानं माझ्याकडे, मोठी माणसं ढ पोराकडे पाहतात, तसं पाहिलं. "न्याले कोनी येतच नाई तं कशी येईन? तिकडं सारे इचारतेत, जवाई काहून नाई आले, टाकली का? ती म्हने, बाबाले सांगू नोको. सांगून आले तं ते खरं येनं नाई." मग तिला एकदम रडू फुटलं. "मले वाटलं फळ्यावर लिवलं तं ते होऊनच जाईन. तिनं आज वाचलं. लय वेळ वाचलं. मंग नत्थूजी तिले म्हने, आनंदराव तं सकाळी हो म्हनून गेले, आली म्हने. तवापासून ती तेथंच उभी हाये. मामाची गाडी गेली. चाला नं बाबा."

मी उठलो. कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही. सायकल हातात होती एवढं खरं, पण बसलो नाही, नुसती ढकलत पळालो, शामला माझ्यापुढं. गल्लीतून जाताना माणसं बोलत होती ते कानावर येत होतं. डोक्यात आईचा हात होता, गाठोड्यावरचा. मी तो हात आयुष्यभर बाबांच्या नावावर मांडून ठेवला होता. आणि आता एक दुसरी बाई शाळेच्या भिंतीशी, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. घुंगरांच्या जागी एसटी होती, बाकी सगळं तेच होतं. हे कसं झालं? मी तर सगळं उलट केलं होतं. उलटं करून माणूस त्याच जागी कसा येतो, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही, आजही नाही.

कौसल्या फळ्याखालीच उभी होती. वाळली होती. पायाशी कापडी पिशवी, डोक्यावर पदर, उन्हानं तोंड लाल. शाळा रिकामी झाली होती. नत्थूजी फाटक लोटून घेत होता, आम्हाला पाहून तो उगाचच आत गेला.

"दुकान नाई आज?" ती म्हणाली.

"सुट्टी घेतली."

"काहून?"

माझ्या जिभेवर तत्त्वच आलं, सवयीनं. ते मी गिळलं. "न्याले आलो," मी म्हणालो. हा शब्द मी तिच्यासाठी कधी वापरला नव्हता. तोंडात परका वाटला, पण तुटला नाही.

तिनं फळ्याकडे बोट केलं. "नत्थूजीले तुम्ही हो म्हटलं. मी आली म्हनून. मी तं तवा गाडीत होती. काहून म्हटलं?"

"मले माहीत नाई."

"खोटं तं बोलत नाई तुम्ही."

"तोंडातून निंघताना खोटं नाई वाटलं."

तिनं मान खाली घातली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. "मन झालं की ये, मन झालं की ये. माहा बाप मेला त्या दिवशीही तेच. मी वाट पाहो का एकडाव तरी म्हनतीन, माह्यं मन होऊन राहिलं, चाल. तुमचं मन नाई झालं का इतक्या दिवसांत? एकडावही नाई?"

"रोज होत होतं."

"मंग?"

"मले वाटलं, आनाले आलो तं ओढून नेल्यासारखं होईन. माह्या मायले..." तिला ती गोष्ट माहीत होती. तिनं हात वर केला, पुरे म्हणून.

"ओढून न्याले कोन म्हनते?" ती म्हणाली. "संगं चाला म्हनते मानूस."

एवढंच. सहा महिने मी दोन टोकांच्या मध्ये घामाघूम होऊन उभा होतो आणि तिला फक्त सोबत हवी होती. मला स्वतःची चीड आली आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे चेहऱ्याचं काय झालं असेल कोण जाणे, कारण तिनं पदर तोंडाला लावला. मग पिशवी उचलून सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. मी ती धरायला हात पुढं केला, ती म्हणाली, "हात पाहा काळे. माही पिशवी नोको खराब करू."

आम्ही निघालो. मी सायकल ढकलत, पलीकडून कौसल्या, मध्ये शामला कॅरिअरवरच्या पिशवीला धरून. जिजाबाईंच्या ओट्यावर आतापर्यंत माणसं जमली असणार, हे मला कळत होतं. मी तिला आणून राहिलो होतो की ती येऊन राहिली होती, ते काही मला कळत नव्हतं, आणि कोणाला विचारावं असंही वाटलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी शामलाला म्हणालो, "मंग? पुढच्या शनवारी काय सांगशीन गुरुजीले?"

तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काई नाई," ती म्हणाली. "'बातमी नाई' म्हनीन अन् बसीन."